जुना कर्नल, नवा कर्नल आणि तीनला सुटणारी शिफ्ट

मी सातवीत शाळा सोडली. लग्न होऊन वाशीमकडून रोह्याला आले. नवरा इथल्या एका कंपनीत शिफ्टला. घरात करमेना, म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात तक्रारीचे फोन घ्यायला लागले. इंटरनेटच्या मशीनचं काम शिकवलं ते कंपनीतल्या जुन्या इंजिनिअरनं, त्यांना सगळे काका म्हणतात. ते पेणच्या ऑफिसात, मी रोह्यात. सगळी शिकवणी फोनवर.

एकदा त्यांनी मला मोठं काम दिलं. कर्नल म्हणजे मशीनच्या आतला कारभारी. आलेला डेटा कुठं, किती झपाट्यानं धाडायचा, ते तो बघतो. त्याची नवी आवृत्ती आली होती. चाचणीच्या मशीनवर आधी जुना चालवायचा, मग नवा, आणि पेणपर्यंतचा वेग वहीत लिहायचा. नवा बरा निघाला तरच तो गिऱ्हाइकांच्या मोठ्या मशीनवर चढणार.

सकाळी अकराला जुना तपासला. मशीन बंद-चालू करायचीसुद्धा मला धास्ती, त्यामुळं नव्याला हात लावेपर्यंत साडेतीन वाजले. नवा फारच मंद निघाला. मी काकांना कळवलं, त्यांनी मालकांना. काम थांबलं.

घरी आले तर नवरा पंख्याखाली आडवा होऊन मोबाइलवर कुस्ती बघतोय. शेजारच्या तिन्ही खोल्यांतून व्हिडिओंचेच आवाज. पहिली शिफ्ट तीनला सुटते! इथं सगळ्यांकडं इंटरनेट आमच्याच ऑफिसचं; चाचणीचं मशीन वेगळं, पण पेणला जाणारी लाइन सगळ्यांची एकच, अकराला मोकळी आणि साडेतीनला गच्च.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण काकांनी माझ्या भरवशावर शब्द दिला होता. उभ्यानंच फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

काका हसायलाच लागले. "म्हणजे कर्नल नाय गो, तुझा नवरा जड झाला लाइनला!"

"काका, मला आता परत तक्रारींवर बसवाल का?"

"कशाला? मी पहिल्यांदा तपासलं तेव्हा केबलच लावली नव्हती. उद्या सकाळी बस. एकदा जुना, एकदा नवा, परत जुना, परत नवा. मधे चहाला उठायचं नाय."

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. वहीचं पान भरलं. नवा दर वेळी थोडा पुढंच.

काकांनी मला लाइनवर ठेवूनच मालकांना फोन जोडला. "कालचा आकडा चुकला, तो माझा," ते म्हणाले. "आजचा बरोबर हाय, तो आमच्या रोह्याच्या पोरीचा."