वायर दिसता कामा नये

भिंत फोडायचं काम असं आहे, की डोकं कितीही धुतलं तरी जेवताना ताटात सिमेंटची पूड पडतेच. किश्शांचंही तसंच! मी आणि माझा चुलतभाऊ विरेश भालकीत टीव्ही बसवतो. साउंडबारसकट, आणि सगळ्या वायरी भिंतीच्या आत. एक जरी वायर लोंबकळताना दिसली तर काम अर्धवट, हा आमचा कॉलेजपासूनचा हट्ट.

जेवताना मी हे किस्से माझ्या वडिलांना, अप्पांना सांगते. मोठ्यानं सांगते. कारण चार इंची भिंतीच्या पलीकडे विरेशचे वडील, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, माझे काका, जेवत असतात. वाटणी झाली, घराच्या मधोमध भिंत आली, आणि तेव्हापासून हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. मला हे अजिबात सहन होत नाही. दोघांना निदान एकदम हसवावं, एवढाच माझा डाव.

"एवढं वरडून कामून सांगायलीस? मी काय बहिरा हाय?" अप्पा म्हणतात.

"ड्रिलनं माझेच कान गेलेत, अप्पा!"

*

हळ्ळीखेडला एका घरी सगळे खाली सतरंजीवर बसणारे. म्हणून मी टीव्हीची खूण खाली केली. घरच्या अक्कांनी माझ्या हातातली पेन्सिलच काढून घेतली.

"वर घे."

"अक्का, मान दुखंल. डोळ्यांसमोर पाहिजे."

"सकाळी त्यात देव येतेत का न्हाई?"

"येतात."

"मग देव कमरंएवढे लावतेत व्हय गं कुठं?"

टीव्ही वर गेला. आठवड्यानं फोन. मान दुखायलीय! मी म्हटलं, खाली घेऊ का?

"नको. देव बघून दुखली तर चालतंय. रात्रीच्या सिरीयली तेवढ्या खाली येतेत का बघ!"

अप्पा खो खो हसले. भिंतीपलीकडूनही हसू आलं. ते ऐकलं मात्र, अप्पा हसू आवरून भाकरी मोडू लागले.

*

खटकचिंचोळीचे एक रिटायर्ड गुरुजी फार शिस्तीचे. भिंत उघडी असताना आतल्या पाइपांचा फोटो काढून ठेवा, असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो. पुढं कधी खिळा मारायचा झाला तर वायर कुठं आहे ते कळतं. गुरुजींनी फोटो काढला. मोठा करून आणला. फ्रेम केला. म्हणाले, मोबाइलचा काय भरवसा, भिंतीवरच असावा!

आणि त्या फ्रेमसाठी खिळा मारला, तो बरोब्बर वायरीत!

*

भालकीतच एका घरी टीव्ही चालू झाला तशी आजी विभूती घेऊन आली. त्यांच्यात नवीन वस्तू आली की तिला विभूतीचे तीन पट्टे ओढल्याशिवाय वापरत नाहीत. आजीनं टीव्हीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ह्याला चौकटच न्हाई की गं! लावू कुठं?"

"आजी, पडद्यावर नको, डाग पडतो."

आजी विचारात पडली. मग वाकून साउंडबारकडे बघितलं. लांबलचक, काळा, गुळगुळीत. तिचा चेहरा उजळला.

"हे बघ, ह्याला कपाळ हाय!"

*

अफजलपूरला माझ्या आत्याकडं गेलो, ते तिच्या सासऱ्यांसाठी. म्हातारे कानाला जड. त्यांची लेक हैदराबादला. फोनवर तिचं काही ऐकू येत नाही म्हणून बोलणंच सोडलेलं. साउंडबार बसवून विरेशनं तिचा व्हिडिओ कॉल टीव्हीवर लावला. "बाबा, जेवलात का?" खोलीभर घुमलं!

म्हातारे दचकले. दाराकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. मग डोळे पुसत तिलाच दटावलं, "हळू बोल गं माय, शेजारी ऐकतेल!"

हा किस्सा सांगितला तेव्हा अप्पा हसले नाहीत. अप्पांनी विचारलं, "ताई बरी हाय ना?"

पलीकडं काका नुसते खाकरले. बहीण दोघांचीच ना!

*

मागच्या महिन्यात काकांकडं टीव्ही आला. लावायचा नेमका त्याच मधल्या भिंतीवर. डिशची छत्री गच्चीवर, जिना आमच्या वाट्यात. म्हणजे केबल आमच्या खोलीतूनच जाणार. भिंत बांधताना गवंड्यानं सवयीनं एक पाइप सोडला होता. त्याचं एक तोंड आमच्याकडं, एक काकांकडं. दोन्ही तोंडांत फडक्याचे बोळे.

विरेशनं मला डोळा मारला आणि केबल सोडायला गच्चीवर गेला, तो उतरेचना. मी काकांकडं शिडीवर, दोन्ही हातांत ब्रॅकेट.

"अप्पा, केबल पाइपात ढकला! काका, तुम्ही ओढून घ्या! माझे हात मोकळे न्हाईत!"

केबल मधेच अडकली. मी ओरडणारच होते, पण ओठ दाबून धरले.

काका पाइपाशी वाकले.

"अण्णा... जरा मागं घे. मग ढकल."

केबल जराशी मागं गेली आणि पुढं सरकली. मग पाइपातून आवाज आला, "आलं का?"

"आलं."

टीव्ही लागला, साउंडबार लागला. आमच्याकडचं पाइपाचं तोंड बुजवायला मी पुट्टी कालवून आणली. अप्पांनी माझ्या हातातली थापी काढून घेतली.

"राहू दे तसंच."

"अप्पा, वायर दिसायलीय!"

"दिसू दे."

संध्याकाळी पलीकडं साउंडबार दणाणत होता. अप्पांनी खुर्ची भिंतीकडं सरकवली. तेवढ्यात पाइपातून काका बोलले, "अण्णा, आवाज लई व्हायलाय का? कमी करू?"

अप्पांनी भोकाला तोंड लावलं.

"कामून? वाढव की!"