नकाराचा शिरा

आमच्या घरी शिरा कधी आनंदाचा झाला नाही. बाकीच्या घरांत सत्यनारायणाला होतो, मुलगा पास झाला की होतो. आमच्याकडे कुणाचं तरी पुस्तक नाकारायचं असलं की व्हायचा. नियम माझ्या नवऱ्याचा. नाशिकच्या इंदिरानगरातल्या तीन खोल्यांच्या घरातून त्यांनी जन्मभर पुस्तकं प्रकाशित केली आणि त्याच्या कितीतरी पट परत केली. नाकारलेलं हस्तलिखित पोस्टानं धाडून मोकळं व्हायचं, हे त्यांना पटत नसे. लेखकाला घरी बोलवायचे, खुर्चीवर बसवायचे आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणायचे, "शिरा कर गं जरा." नुसतं "चहा ठेव" म्हणाले, की मी समजायची, पुस्तक घेतलं.

लग्न नवीन होतं तेव्हा मी विचारलं होतं, ही काय उलटी रीत? म्हणाले, "ज्याचं पुस्तक घेतलं, तो घरी जाऊन हौसेनं गोड करून खाईल. ज्याचं परत दिलं, त्याला आज कोण गोड देणार?" तेव्हा मला नवऱ्याचं फार कौतुक वाटलं. पुढे संसाराला लागल्यावर कळलं, की तूप माझ्या बरणीतलं जातं आणि नाव यांचं होतं.

गोष्ट हळूहळू जिल्हाभर पसरली. आमच्याकडे शिरा खाऊन आलेले लोक गावोगाव होतेच. निफाडकडचे एक शेतकरी गृहस्थ कादंबरी घेऊन आले होते. हातपाय धुऊन बसले आणि मी आत वळताच हात जोडून म्हणाले, "ताई, चहाच द्या नुसता. लय उपकार व्हतील." मी काय करणार? रवा आधीच भाजत टाकला होता. त्यांनी मुकाट्यानं बशी संपवली, डोळे पुसले आणि अजून थोडा मागून घेतला. द्राक्षांच्या दिवसांत त्यांच्याकडून एक पेटी आली, तिच्यावर सुतळीनं बांधलेली दुसरी कादंबरी. तिलाही शिराच झाला.

आता कुणाला वाटेल, माणूस मोठा गोडबोल्या होता. मुळीच नाही. शिरा पोटात गेला की हे सुरू व्हायचे. प्रत्येक हस्तलिखित दोनदा वाचलेलं असायचं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. कुठलं प्रकरण जिवंत आहे, कुठं लेखक वाचकाला फसवतोय, कुठं स्वतःलाच फसवतोय, सगळं पान उघडून दाखवायचे. दुपारची संध्याकाळ व्हायची. कुणी हमरीतुमरीवर यायचं. एकजण तर रागाच्या भरात यांच्याच चपला घालून निघून गेला. आणि हे काही चुकत नसत असंही नाही. यांनी परत केलेलं एक पुस्तक दुसरीकडे निघालं आणि घरोघर वाचलं गेलं. यांनी दुकानातून प्रत विकत आणली, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "मी आजही नाहीच म्हणेन." हट्टीपणाला तोड नव्हती.

तेव्हाचा धंदाच तसा होता. एकदम हजार प्रती छापायच्या. कागद आपला, छपाई आपली, बुडालं तर आपलंच बुडणार. प्रकाशनपूर्व सवलतीत थोड्या जायच्या, बऱ्याचशा ग्रंथालयांत, उरलेल्या हिवाळ्यातल्या प्रदर्शनांत. त्यानंतरही ज्या उरायच्या त्या आमच्या घरात राहायला यायच्या. पलंगाखाली गठ्ठे, देवघराखाली गठ्ठे, पाहुणा आला की गठ्ठ्यावरच बसायचा. माझी लेक कवितांच्या गठ्ठ्यांना टेकून अभ्यास करत मोठी झाली. मी कुरकुर केली की हे म्हणायचे, "भुर्दंड माझा, म्हणून नाही म्हणायचा अधिकार माझा."

मग दिवस फिरले. ग्रंथालयांची खरेदी आटली. पुस्तकांच्या दुकानांतून वह्या आणि खेळणी दिसायला लागली. नाशिक रोडला घेतलेलं गोदाम सोडावं लागलं. हे घरात गप्प बसून राहायला लागले. तेव्हा लेक पुण्याची कॉम्प्युटरची नोकरी सोडून आली आणि तिनं सगळं हातात घेतलं. आता एकही प्रत आधी छापायची नाही. वाचकानं मोबाईलवर मागवली की तेवढीच एक छापून परस्पर त्याच्या दारात. आणि छापण्याआधीचा खर्च लेखकानं करायचा. त्यासाठी तिनं तीन पॅकेज ठेवली. पहिल्यात नुसतं पुस्तक, दुसऱ्यात मुखपृष्ठावर चित्रकाराचं चित्र, तिसऱ्यात प्रकाशन समारंभ आणि व्हिडिओ. मी तिला म्हटलं, लग्नाच्या केटररकडेही असंच असतं, तिसऱ्यात आइस्क्रीम मिळतं. ती हसली. पण प्रकाशन उभं राहिलं, हे खरं.

बापलेकीचं एकदाच कडाक्याचं वाजलं. हे म्हणाले, "सगळ्यांनाच हो म्हणायचं, तर मग आपण कशाला हवेत?" लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या 'नाही'मुळे किती जणांनी पुन्हा पेन धरलं नसेल, याचा कधी विचार केलात? लोकांना ठरवू द्या ना." हे उठून गॅलरीत जाऊन बसले. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी भाजी निवडत राहिले.

खरं सांगायचं तर मला नवी पद्धत सोयीची होती. पलंगाखालून पहिल्यांदा झाडू फिरला. तूप महिनाभर पुरायला लागलं. पण दुपार झाली की घर खायला उठायचं. दारात अनोळखी चपला नाहीत, कुणाचा चढलेला आवाज नाही, बाहेरच्या खोलीतून "शिरा कर गं" नाही. लेखक आता लेकीच्या स्क्रीनवर यायचे आणि तिथूनच जायचे. मला त्या रडवेल्या, भांडखोर, शिरा मागून घेणाऱ्या माणसांची इतकी आठवण येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी बेल वाजली. दारात साठीच्या आतबाहेरच्या एक बाई, हातात पेढ्यांचा पुडा. नाशिक रोडला राहतात, सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्या, त्यांचं पुस्तक आमच्याकडून निघालं होतं. पुस्तक वडिलांवर. वडील सिन्नरला, नव्वदीला आलेले, उमेदीची वर्षं कारखान्यात विड्या वळण्यात गेलेली. दृष्टी गेली होती, कान शाबूत होते.

"पुढच्या महिन्यात सिन्नरला जाऊन त्यांना सगळं वाचून दाखवणार आहे," बाई यांना म्हणाल्या. "छापून आल्याशिवाय वाचायचं धाडस होत नव्हतं. पण तुमच्यासारख्यांनी पास केलं म्हटल्यावर धीर आला. सर, तुम्हाला कुठला भाग आवडला?"

यांनी पुस्तक पाहिलंसुद्धा नव्हतं. लेकीनं तरी कुठं वाचलं होतं? फाईल आली, पानं लागली, मुखपृष्ठ झालं, प्रती गेल्या. बाईंना वाटत होतं, प्रकाशकानं छापलं म्हणजे प्रकाशकाला आवडलं. पूर्वी त्याचा अर्थ तोच असायचा. कॉलनीत त्यांनी तसंच सांगितलं होतं आणि आता बापालाही तसंच सांगणार होत्या.

हे खोटं बोलतील असं मला क्षणभर वाटलं, आणि बोलावं असंही वाटलं. पण हे म्हणाले, "मी वाचलेलं नाही. प्रत ठेवून जा. पुढच्या रविवारी या." बाईंचा चेहरा उतरला. पिशवीतली प्रत आणि पेढे ठेवून गेल्या.

यांनी कपाटातून जाड भिंगाचा चष्मा काढला आणि पुस्तक दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. छापलेल्या पुस्तकावर पेन्सिल चालवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. रविवारी सकाळी आंघोळ करून आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिरा कर गं जरा."

मी म्हटलं, "अहो, पुस्तक छापून झालंय. आता नाही म्हणून काय उपयोग?"

"बापाला अजून वाचून दाखवलेलं नाही," हे म्हणाले.

बाई आल्या. मी बशी पुढं केली तसा त्यांचा चेहरा खुलला. "अय्या, माझ्या पुस्तकासाठी गोड केलंत?" इतकी वर्षं जो येई त्याला शिऱ्याचा अर्थ ठाऊक असे. ही पहिलीच, जिला ठाऊक नव्हता. मला यांचा असा राग आला, की बशी परत न्यावीशी वाटली. बाईंनी शिरा चवीनं खाल्ला, वेलदोड्याचं कौतुक केलं, आणि मग यांनी पुस्तक उघडलं.

"सुरुवातीची पानं फार चांगली आहेत," हे म्हणाले. "तुमचे वडील झोपेतही बोटं हलवतात, तुम्ही सगळी भावंडं दिव्याभोवती बसून विड्यांना दोरा गुंडाळता, तंबाखूनं डोळे चुरचुरतात. ते मी विसरणार नाही. पण वडील कारखाना सोडतात, तिथून पुढं ते माणूस राहत नाहीत, तसबीर होतात. एकदा चुकत नाहीत, एकदा रागावत नाहीत, येता-जाता उपदेश करतात. मला वाटतं, तुम्हाला तिथं काय झालं ते माहीत नाही. माहीत नाही ते तुम्ही हारांनी झाकलंत."

बाईंनी रिकामी बशी खाली ठेवली. "हे आधी तुमच्या हातात आलं असतं तर?"

"नाही म्हणालो असतो."

लेक दारात उभी होती. बाईंनी मान वळवून तिला विचारलं, "मग छापायच्या आधी मला हे कुणी सांगितलं का नाही?"

लेकीकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. त्या दिवशी ती म्हणाली, "काकू, आमच्याकडे कुणी वाचत नाही." तिचा आवाज इतका लहान मी शाळेनंतर ऐकला नव्हता. पोरीची मला दया आली, कारण प्रकाशन बुडू नये म्हणूनच ती राबत होती.

मला वाटलं, आता बाई रडतील, नाही तर चपला घालतील. त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं. "एवढ्या लोकांनी घेतलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी अभिनंदन केलं. फोटो छान आलाय म्हणाले. पण दोऱ्याचं कुणी काही बोललं नाही. तुम्हीच पहिले." मग त्यांनी विचारलं, की मग दादांना, म्हणजे वडिलांना, काय वाचून दाखवू?

"जेवढं खरं आहे तेवढंच," हे म्हणाले.

त्या संध्याकाळी लेकीनं पुस्तकाची विक्री थांबवली. नव्या धंद्यात हे एका मिनिटात होतं. आमच्या वेळी हजार प्रतींचं काय केलं असतं, देव जाणे. मग तिनं फक्त सुरुवातीच्या पानांची एक प्रत छापून घेतली. जन्मभर हजाराखाली काही न छापलेल्या माणसानं ती पातळशी प्रत हातात घेतली, उलटून पाहिली आणि बाईंच्या हातात स्वतः दिली. पॅकेजचं नाव कुणी काढलं नाही.

बाई सिन्नरला गेल्या. त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. हे विचारायचे नाहीत, पण फोन वाजला की पेपर खाली ठेवायचे. मला मनातून धाकधूक होती. नव्वदीचा माणूस, मुलीच्या तोंडून आपलंच आयुष्य ऐकणार, त्यातून निम्मं कापलेलं. यांनी एका म्हाताऱ्याचा आनंद हिरावून घेतला असला तर?

फोन आला तो दुपारी. यांना नीट ऐकू यावं म्हणून लेकीनं स्पीकर लावला. बाई घाईघाईनं बोलत होत्या. दादांनी सगळं शांतपणे ऐकलं, म्हणाल्या. दोऱ्याच्या पानांना हसले, बोटं हलवून दाखवली. पानं संपली तसं विचारलं, फुडं? बाईंनी त्यांना सांगितलं, पुढे तुम्ही मानानं कारखाना सोडलात, तेवढंच मला माहीत आहे.

"तर म्हणाले, 'सोडला नाय मी. काढलं व्हतं मला.' आणि सांगायला लागले, सर. आईलासुद्धा त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस झाले, मी इथंच आहे, लिहून घेतेय. दमले की झोपतात, उठले की पुन्हा सांगतात."

"लिहून झालं की घेऊन येते," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुन्हा नाही म्हणालात तरी चालेल. पण वाचा."