हिरवी टिकली

त्या संध्याकाळी आम्ही दोघं चटणीसाठी शेंगा फोडत बसलो होतो. माझी बायको कमळ कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर, मी खाली पोत्यावर. ती चार शेंगा फोडायची, हात पदराला पुसायची आणि पडद्यावरच्या मोराची एक चौकट रंगवायची.

चादरीवरची नक्षी काढणं हे तिचं काम. आधी ती कागदावर चौकटी भरायची. पुढं कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि पन्नाशी उलटल्यावर ती तो शिकली. मालक अण्णांनी एक जुना कॉम्प्युटर घरी आणून दिला. शाळा तिची चौथी, माझी दुसरी. मी जन्मभर लूमवर राबलो, पण त्या बटणांना हात लावायला भ्यायचो. तिनं दोन बटणांवर कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या होत्या.

"तांबडी म्हंजे हो. हिरवी म्हंजे काय झालंच न्हाय, माघारी फिरा. ध्यानात ठिवा की."

"मला काय करायचंय?" मी म्हणालो होतो.

भलतं बटण लागून कॉम्प्युटर वाजला, की ती दोन्ही हात वर धरायची, पिठानं भरल्यासारखे. "आदी हात वर," म्हणायची. "ते रागवत न्हाय, इचारतंय. काय इचारलं ते कळल्याबिगर हो म्हणायचं न्हाय." एकदा बटणाखाली टरफल अडकलं आणि सगळा पडदा लाल होत चालला. मी म्हणालो, फेकून दे ते डबडं. तिनं केसातली पिन काढली, टरफल उचकटलं आणि हसली. "तुमचं बी असंच हाय. एक बटण अडकलं की दिवसभर त्येच वाजतंय."

खोटं नव्हतं. आदल्या आठवड्यात तिच्याकडून एक रंग चुकला, तर चार दिवस मी तेच वाजवत होतो. "डोळं गेलं तुझं. बस कर आता."

तर त्या संध्याकाळी ती दाणे भाजायला आत गेली. मी उठलो आणि हातातलं सूप ठेवलं ते नेमकं बटणांवर. कॉम्प्युटर टुंग टुंग ओरडायला लागला. सूप उचललं, तर पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारत होता. हात वर करायचं सुचलं नाही. तो आवाज बंद व्हावा एवढंच डोक्यात. टिकली दाबायची हे आठवलं, कुठली ते आठवलं नाही. तांबडी दाबली. मोर गेला. तीन दिवसांचं काम.

मी खाली बसलो आणि शेंगा फोडायला लागलो.

कमळ आली. हात वर धरून तिनं पडदा बघितला, हिरवी टिकली दाबून पाहिली, पण मोर माघारी आला नाही. मग हळूच म्हणाली, "जाताना माजाच हात लागला वाटतं. जतन बी केलं न्हाय बगा मी." मी पुढची शेंग फोडली. तिनं तिथंच अण्णांना फोन लावला. "अण्णा, आता दुसरं कुणी बगा. माजा हात न्हाय ऱ्हायला कामाचा." फोन ठेवून तिनं पडद्यावर फडकं टाकलं. तोंडातून एक शब्द काढायचा होता मला. टरफलं गोळा करून मी बाहेर टाकून आलो.

सकाळी चहा ठेवून हाक मारली. उठली नाही. अंग गार पडलं होतं. झोपेतच गेली.

शेजाऱ्यांना हाक मारायच्या आधी मी अण्णांना फोन लावला. म्हणालो, "अण्णा, चूक तिची न्हवती. सूप मी ठिवलं. बटण बी मीच दाबलं."

अण्णा हसले. "अवो मामा, एवढंच व्हय? मामींना फोन द्या. मीच सांगतो."

मी फोन तिच्या कानाला लावून धरला. अण्णांचा आवाज बारीक ऐकू येत होता. "मामी, तुमचा हात चांगला हाय. मोर तुमीच काढायचा, कळलं का?"

त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी धरून ठेवला. मग फोन माझ्या कानाला लावला आणि सांगितलं.