प्रवासाचा शर्ट

गल्लीतल्या बायका म्हणत, "रंजनाबाई घरमाईन निघनी का समजत नही, दवाखानामा जाई ऱ्हायनी का कपाशी वेचाले." एवढं बोलून त्या पदराआड हसत. आणि घरात कुणाचं दुखणं निघालं, नंदुरबारला किंवा सुरतेला मोठ्या डॉक्टरकडे न्यायची वेळ आली, की त्याच बायका रंजनाबाईंच्या ओट्यावर येऊन बसत. कोणत्या दवाखान्यात केसपेपर कुठे निघतो, कोणती बस थेट जाते, हे त्यांना पाठ होतं, आणि सोबतीला त्या कधी नाही म्हणत नसत.

हसण्याचं कारण त्यांचा शर्ट. तापीकाठच्या त्या गावात केळी आणि उसाची गुजर घरं पुष्कळ. अशा घरातली बाई गावाला निघाली की इस्त्रीची साडी, डोक्यावर पदर आणि नवी चप्पल हा थाट ठरलेला. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा तो रोजाने कापूस वेचायला येणाऱ्या बायांनी, बोंडांनी हात ओरबाडू नयेत म्हणून. रंजनाबाई मात्र चारचौघांत, भर एसटीत, धुवून धुवून मऊ झालेली सुती साडी नेसत आणि तिच्यावर नवऱ्याचा, शांतीलालांचा, जुना शर्ट चढवत. पदर डोक्यावर असेच. पण तो शर्टाच्या कॉलरला पिनेने अडकवलेला, म्हणजे एक हात तो सावरण्यात गुंतत नसे. परकराची नाडी काढून तिच्या जागी त्यांनी रुंद पट्टी शिवून घेतली होती. पायांत पट्टा सैल करता येईल अशी रबरी सँडल, खिशात तिकीट, चष्मा आणि एखादी लिमलेटची गोळी.

शांतीलाल मितभाषी माणूस. एकदा पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या सभेला निघाले तर खुंटीवर शर्ट नाही. संध्याकाळी बायको परतल्यावर ते एवढंच म्हणाले, "मन्हा शर्ट मन्हापेक्षा जास्त गाव फिरना."

"मंग त्यालेच ईचारा ना, दुनिया कशी शे," रंजनाबाई म्हणाल्या आणि तो धुवायला घेऊन गेल्या.

हा वेश त्यांना कुणी शिकवला नव्हता. तो एका प्रवासातून आला होता. त्यांच्या घराण्यात सुनेला सातवा महिना लागला की खोळो, म्हणजे ओटी, भरतात. माहेरहून आलेली साडी तिला नेसवतात, पदरात गहू, तांदूळ, नारळ घालून गाठ मारतात. ती गाठ पोटाशी धरून सून माहेरी निघते. उंबरा ओलांडल्यावर तिने मागे वळून पाहायचं नाही, आणि माहेरच्या दारात आई ते धान्य आपल्या पदरात घेईपर्यंत ती साडी अंगावरून उतरवायची नाही. रंजनाबाईही तशाच निघाल्या होत्या. भर उन्हात, जरीच्या साडीत, समोरच्या बाकावर चुलतसासरे बसलेले म्हणून हनुवटीपर्यंत पदर ओढून. पदराआड वारा नव्हता. खड्ड्याखड्ड्यांनी बस हिंदकळत होती. शेवटी त्या भरल्या खोळ्यातच त्यांना उलटी झाली. पुढे ललित धडधाकट जन्मला. पण खोळो बाटला होता हे वाक्य घरात कितीतरी वर्षं फिरत राहिलं. पुढच्या प्रवासाला निघताना मात्र रंजनाबाईंनी खुंटीवरचा शर्ट काढला.

आता ललितच्या बायकोला, प्रतिभाला, सातवा महिना लागला होता. प्रतिभा सुरतेची. वडील तिथे नोकरीला गेले आणि तिथलेच झाले. खोळ्याचा दिवस वैशाखातला निघाला. आदल्या दिवशी तिचे काका, गिरधरभाई, तिला न्यायला आले, आणि येताना साडी घेऊन आले. डाळिंबी रंगाची, काठापदराला भरगच्च जर, आतून कडक अस्तर. सोबत शिवून आणलेलं ब्लाऊज आणि सोनेरी टाचेची सँडल. बायकांनी साडी हातात घेऊन वजन केल्यासारखी वर-खाली केली आणि विहिणीचं कौतुक केलं.

सकाळी प्रतिभाला साडी नेसवताना रंजनाबाईंचं लक्ष ब्लाऊजकडे गेलं. हूक लागले होते, पण प्रत्येक हुकाशी कापड ताणून आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या. त्यांनी काखेखालच्या कडेत बोट घालून पाहिलं. बोट शिरेना.

"हाई कोन्हा मापनं शे, पोरी?"

"लग्नातल्या ब्लाऊजचं," प्रतिभा हळू आवाजात म्हणाली. "मम्मीकडे तेच होतं. टेलरला तेच दिलं तिने. बसतंय, आई. चालेल."

पोरगी सासरी गेली तेव्हा जेवढी होती तेवढीच आईच्या डोळ्यांसमोर राहिली, यात आईचा तरी काय दोष. पण गाव ते सुरत हा रस्ता त्या मापात काढायचा होता. रंजनाबाईंनी मोठ्या जावेकडे पाहिलं.

मंगलाबाई, त्यांची जाऊ, पाटावर तांदळाची रास मांडत होती. घरातल्या रीतिभाती तिच्याकडे होत्या. "भाभी," रंजनाबाई म्हणाल्या, "खोळो भरा, ओवाळा, सगळं करा. जीपमा बसाना आगोदर पोरले सुती नेसाडी देऊत. सुरतले उतराना आगोदर परत हाई नेसी लेई."

मंगलाबाईने मान वर केली. "आज शर्ट घालीसन नही उनी तू, तेच मी देवना उपकार समजनू. आते सुनले बी घालशी? उद्या देवले बी शर्टमा बसाडशी का?"

बायका हसल्या. रंजनाबाईही हसल्या असत्या; पण मंगलाबाईचा आवाज शेवटी बारीक झाला होता, आणि तो का झाला हे त्यांना माहीत होतं. मंगलाबाईचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. उंबरा ओलांडल्यावर तिने एकदा मागे वळून पाहिलं होतं, म्हणून गेलं, असं तेव्हाच्या बायका म्हणाल्या. तिने ते खरं मानलं आणि आजवर उराशी धरून ठेवलं. अशा बाईशी रीतीवरून वाद घालणं म्हणजे तिच्या जखमेला हात लावणं होतं. निघताना रंजनाबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "मी नंदुरबारलोंग येस. गाडीमा बसाडी देस."

आणि आत जाऊन त्यांनी शर्ट घातला, दवाखान्याची पिशवी उचलली.

जीप प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल ओलांडेपर्यंत प्रतिभा बरी होती. पुढे तिचं बोलणं थांबलं. काच खाली होती, पण आत येणारा वारा भट्टीतून आल्यासारखा होता. मांडीवरच्या धान्याच्या गाठीवर तिने दोन्ही हात ठेवले होते आणि ओठ किंचित उघडे ठेवून ती आखूड श्वास घेत होती. गिरधरभाई पुढच्या सीटवरून सुरतेच्या उन्हाविषयी काहीतरी सांगत होते. रंजनाबाईंना त्यातला शब्दही ऐकू येत नव्हता. त्या सुनेच्या श्वासांकडे पाहत होत्या.

नंदुरबार स्टेशनवर गाडीला अजून वेळ होता. गिरधरभाई चहा घ्यायला गेले. रंजनाबाईंनी सुनेला बायकांच्या प्रतीक्षालयात नेलं, पंख्याखाली बसवलं आणि तिच्या पायांतली सँडल काढली. पट्ट्यांचे वळ सुजलेल्या पायांवर लाल उमटले होते.

"उठ. बदलू."

प्रतिभाने गाठ आणखी घट्ट धरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नको, आई. मला काही होत नाही. पण मी साडी उतरवली आणि बाळाला काही झालं, तर? मोठ्या आई म्हणतील, मम्मी म्हणेल. मीसुद्धा म्हणेन."

एवढं स्पष्ट कुणी बोललं नव्हतं. रंजनाबाई तिच्याशेजारी बसल्या. त्यांनाही भीती नव्हती असं नाही. आज हात लावला आणि पुढे काही वेडंवाकडं झालं, तर ते कायमचं त्यांच्या नावावर जमा होणार होतं. मंगलाबाई त्यांचं तोंड पाहणार नव्हती, ललितही कदाचित नाही. पण काही न करता हिला गाडीत बसवली आणि वाटेत ही कोसळली, तर त्याला रीत असं नाव मिळेल, आणि कुणालाच काही वाटणार नाही. ते त्यांना अधिक भयंकर वाटलं.

"ज्यानं त्यानं ईचारं तर मन्हं नाव सांगजो," त्या म्हणाल्या. "सासूनी बळजबरी कयी, आसं सांग. बाळले आते हवा पाहिजे. बाकीनं मी दखी लेसू."

त्यांनी पिशवीतून धुतलेली सुती साडी आणि रुंद पट्टीचा परकर काढला. दवाखान्यात कुणाला लागेल म्हणून तो जोड पिशवीत कायम असे. धान्याची गाठ त्यांनी आधी सोडली. एक दाणा खाली पडू न देता ते सगळं सुती साडीच्या पदरात घेतलं, नारळ मध्ये ठेवला आणि तशीच गाठ मारली. मग भिंतीकडे तोंड करून क्षणभर हात जोडले. कुणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ब्लाऊजचे हूक सुटले तेव्हा प्रतिभाने इतका लांब श्वास घेतला, की बाकावर पेंगणारी एक म्हातारी डोळे उघडून पाहू लागली.

पिशवीत ब्लाऊज नव्हतं. रंजनाबाईंनी अंगातला शर्ट उतरवला आणि सुनेला घातला. वरची दोन बटणं मोकळी ठेवली, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, पदर कॉलरला पिनेने लावला. स्वतःची रबरी सँडल तिच्या पायांत सरकवली आणि पट्टे अगदी सैल केले.

चहा घेऊन आलेले गिरधरभाई दारातच थबकले. "हे काय झालं? अहो बेन, दारात बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या असणार. वहिनी मला घरात घेणार नाहीत."

"मंग बाहेर बसा. पोरले मातर आतमा लेवाले सांगा," रंजनाबाई म्हणाल्या. "आनि डब्बामा खिडकीपाशी बसाडा तिले."

गाडी आली, गेली. डाळिंबी साडी नीट घडी करून त्यांनी प्रतिभाच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवली होती. सोनेरी सँडलला तिथे जागा उरली नाही, आणि त्यांच्या पायांत काहीच नव्हतं. तेव्हा रंजनाबाई त्या टाचांवर तोल सावरत स्टँडपर्यंत गेल्या आणि एसटीत बसल्याबरोबर ती काढून मांडीवर घेतली. बस निघायच्या आत प्रतिभाचा फोन आला. गाडी खांडबाऱ्याला थांबली होती. तिने काकडी घेऊन खाल्ली होती. "आई, झोप लागली होती मला," ती म्हणाली, जणू काही चोरी पकडली गेली असावी. रंजनाबाईंनी फोन ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. अंगावर शर्ट नसल्यामुळे उघड्या दंडांना ऊन चटके देत होतं; ते त्यांना गाव येईपर्यंत जाणवलं नाही.

गल्लीत मात्र सगळ्यांनी सगळं पाहिलं. शर्ट नाही, हातात सुनेची सोनेरी सँडल, पाय अनवाणी. मंगलाबाई ओट्यावरच उभी होती. तिने सँडलकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"उतारी?" तिने विचारलं.

"उतारी. खोळो तसाच शे, भाभी. दाना सांडू दिधा नही."

मंगलाबाई ओरडली नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. रंजनाबाई तिच्याजवळ बसायला गेल्या, पण तिने हात झटकला. त्या तरीही तिथून हलल्या नाहीत. थोडं अंतर ठेवून पायरीवर बसून राहिल्या. शांतीलालांनी आतून पाण्याचा तांब्या आणून दोघींच्या मध्ये ठेवला.

दिवेलागणीला ललितच्या फोनवर सुरतेहून विहिणीचा, मंजुळाबेनचा, फोन आला. ललितने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू येईल असा फोन मोठा करून तिच्यापुढे धरला. मंगलाबाईही मान न वळवता ऐकत होती.

"वेवाण, पोहोचली बरं का पोरगी," मंजुळाबेनचा आवाज रडवेला होता. "जेवली, आता झोपलीय. डॉक्टरबाई खालीच राहतात, त्यांनी बघितलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या. पण तुम्ही हे काय केलंत? सगळ्या बिल्डिंगच्या बायका दारात उभ्या, आणि माझी मुलगी पुरुषाच्या शर्टात उतरली! किती दुकानं पालथी घातली मी त्या साडीसाठी. एकदा तरी तिच्या अंगावर बघायची होती मला. त्या साडीचं काय, सांगा मला, त्या साडीचं काय?"

भिंतीशी बसलेल्या मंगलाबाईने तोंडावरचा पदर खाली घेतला. रंजनाबाई फोनजवळ वाकल्या.

"साडी बॅगमा घडी करीसन ठेयेल शे, वेवाण. पोरनी घडी व्हत नही."