चोथ्याचा केक

फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या बसस्टँडवर अमरावतीच्या गाडीत बसले होते. नलूताईकडेच निघाले होते. "नलू गेली," भाऊजी एवढंच म्हणाले. उतरावं की बसावं, कळेना… उठले, पुन्हा बसले, शेजारच्या बाईला उगाच विचारलं, गाडी कधी सुटते. मूर्तिजापूर येईपर्यंत पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर करत होते. आता तेरवी होऊनही बरेच दिवस झाले, तरी एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही सारखी उठते आहे.

माझी ही थोरली बहीण कोणाला रिकाम्या तोंडी जाऊ द्यायची नाही. मीटर बघायला आलेल्याच्या हातावरही चिवडा ठेवायची. आणि आजार झाला तो असा, की अन्ननलिकेतून घास उतरेना. डॉक्टर म्हणाले, पातळच द्या, गाळून. तिच्या दिराच्या बगीच्यातून संत्र्यांची कॅरेट येऊ लागली. जन्मात चहापलीकडे गॅस न पेटवलेले भाऊजी रोज सकाळी मिक्सर लावायचे, रस फडक्यातून गाळायचे आणि चोथा कचऱ्यात टाकायचे. एक दिवस ताईने त्यांचा हात धरला. "मी रस पिऊन राहिली, मंग चोथा काहून फेकता? भेटाले येते त्याईले नुसतं पानी पाजू?"

मग रवा, दही, साखर, त्यात तो चोथा, आणि शिट्टी-रिंग काढून तळाशी मीठ घातलेला कुकर. ओट्याशी खुर्ची ओढून ती पीठ कालवायची, मध्येच दम लागला की थांबायची… मी चिडले. "उभं राहवत नाही तुले, अन् केक काहून करून राहिली?"

"बिमार मी हाय, घर नाई," ती म्हणाली.

आजाऱ्याच्या घरी कोणी खात नाही. जिला घास उतरत नाही तिच्यासमोर तोंड हलवायचं तरी कसं? लोक "आत्ताच जेवून आलो" म्हणायचे, पण ताई कसली सोडते! समोर बसून खायला लावायची आणि कसा झाला ते विचारायची, कारण तिला स्वतःला चाखता येत नव्हतं. पहिला केक कडूजहर झाला. भाऊजींनी बियांसकट संत्री फिरवली होती. आम्ही सगळ्यांनी छान म्हटलं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी भाऊजींनी तुकडा तोंडात टाकला.

"कडू झाला, नलू."

मला त्यांचा असा राग आला! पण ताई हसली, कितीतरी दिवसांनी हसली. "तुमीच बिया टाकल्या असतीन." आम्ही तिला आजारी म्हणून सांभाळत होतो, आणि ह्या एका माणसाने तिच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून भाऊजी चष्मा लावून फोडीफोडीतली बी काढू लागले. पुढे रसही जाईना, तरी कुकर लावायला ती सांगायचीच.

परवा अमरावतीला गेले, तर भाऊजींनी बशीत केक आणून ठेवला. कडू नव्हता. पाणी घ्यायला आत गेले, तर ओट्यावर गाळलेल्या रसाने भरलेला पेला, वर ताटली झाकलेली.

"हा कोणासाठी, भाऊजी?"

"कोनासाठीच नाई," ते दारातून म्हणाले. "कोनी आलं तं केक लागते. केकाले चोथा लागते… आता रस उरते."