एक्स्पोर्ट क्वालिटीचे मफिन

आमच्या थोरल्या साडूंना ब्रह्मदेवानं घडवून खाली पाठवलं, तेव्हा जन्म घेण्याआधी त्यांनी स्वतःला उजेडात दोनदा उलटसुलट करून पाहिलं असणार आणि डाव्या कानाबद्दल तक्रारही नोंदवली असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. उभ्या नाशिक जिल्ह्यात त्यांच्याइतका पारखी माणूस नाही आणि त्या पारखीपणाचा इतका ताप देणाराही नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसमध्ये परदेशी जाणारी द्राक्षं तपासण्यात घालवली. मणी बारीक, बाजूला. देठ सुकला, बाजूला. मण्यावर कुणाचं बोट उमटलं, घड बाजूला आणि बोटवाला माणूसही बाजूला. "शंका आली का बाजूला," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. निवृत्त होऊन ते गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, पण पॅकहाऊस काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. माझ्या बायकोनं लाडू पाठवले तर ते आधी आकारानं लावतात आणि दोन परत करतात, "हे दुसऱ्या लॉटचे दिसत्यात" म्हणून. माझ्या लग्नाआधी मला पाहून गेल्यावर त्यांनी सासऱ्यांना दिलेला अहवालही घरात प्रसिद्ध आहे. "पोरगा चालंल," ते म्हणाले होते, "लोकल मार्केटला चालंल."

असा हा माणूस, ज्यानं आयुष्यात स्वतःच्या हातानं चहासुद्धा केला नव्हता, मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मला फोन करून म्हणाला, "पाव्हणं, मी केळ्याचे मफिन करतोय. या." अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही, आणि तब्येतीला चांगले म्हणून मैदा आणि साखरही नाही. मी विचारलं, मग उरलं काय? "कणीक उरती, केळी उरत्यात, गूळ उरतो, तेल उरतं. अजून काय पाहिजे?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

यामागचं कारण मला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला नोकरी करते. तिनं तीन वर्षांपूर्वी दूध, दही, तूप, मध, जनावरांकडून येणारं सगळंच सोडलं. निफाडकडच्या घरी गोठ्यात दोन म्हशी बघत मोठ्या झालेल्या साडूंना हा त्या म्हशींचा अपमान वाटला. अक्षय्य तृतीयेला, साडूंच्या भाषेत आखाजीला, ती घरी आली, तेव्हा यांनी गुपचूप तिच्या आमटीत चमचाभर साजूक तूप सोडलं आणि तिचं जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर हसून जाहीर केलं, "बघ, तूप खाल्लं तू. झालं का काही?" पोरगी भांडली नाही, रडली नाही. हात धुतले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. तेव्हापासून ती येते, आईच्या गळ्यात पडते, वडिलांची औषधं बघते, पण येताना पुण्याहून स्वतःचा डबा आणते आणि त्यातलंच खाते. दोन वर्षांत तिनं या घरातला एक घास तोंडात घातला नव्हता. "माझाच माल माझ्याच घरात रिजेक्ट," साडू एकदा मला म्हणाले. हसायला म्हणून म्हणाले होते, पण हसू काही त्यांना जमलं नाही.

तर मफिन. पिकलेली केळी म्हणजे किती पिकलेली, हा पहिला प्रश्न. साधी माणसं बोटानं दाबून बघतात. साडूंनी कपाटातून द्राक्षांची गोडी मोजायची नळी काढली, केळ्याचा थेंब तिच्या काचेवर ठेवला, खिडकीकडे तोंड करून एक डोळा मिटला आणि "अजून दोन दिवस" असा निकाल दिला. मग ते काळी पडलेली केळीच शोधत हिंडू लागले. गाडीवाला म्हणाला, "साहेब, गाईला पाहिजे का? तशीच घेऊन जा." साडूंनी त्याला अर्धा तास केळ्याच्या सालीवरचे ठिपके समजावून सांगितले. पुढच्या वेळेपासून तो यांना लांबून येताना पाहिलं की गाडी वळवायला लागला.

स्वयंपाकघरात शिरायचं तर डोक्याला जाळीची टोपी. ही सक्ती ताईंनासुद्धा, म्हणजे साडूंच्या बायकोला, आणि तीही त्यांच्याच ओट्यापाशी. मला घड्याळ आणि अंगठी बाहेर काढून ठेवावी लागे. मफिनचा घेर मोजायला त्यांनी पुठ्ठ्याला गोल भोकं पाडून पट्टी केली होती. पहिली खेप इतकी कडक झाली की तिच्यावर नारळ फोडता आला असता. दुसरी आतून कच्ची. तिसऱ्या खेपेत सोडा असा काही पडला की माझी जीभ दोन दिवस माझी राहिली नव्हती. नापास माल सगळा माझ्या घरी यायचा, कारण आम्ही लोकल मार्केट. कागदी वाट्या लावल्या तर मफिनच्या अंगाला सुरकुत्या पडतात म्हणून त्या बाद झाल्या आणि भांड्याला आतून तेलाचा हात लावून त्यात थेट मिश्रण ओतायचं ठरलं. खेपेगणिक वहीत एक पान. हळूहळू ते सुधारत गेले, हे मात्र मान्य करायला हवं. सातव्या खेपेला मी दुसरा मफिन आपणहून मागितला. साडूंनी माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मुलगी येणार होती. मी सकाळीच हजर झालो. बारा मफिन झाले होते आणि काय झाले होते! फुगलेले, तांबूस, भांड्यातून अलगद सुटलेले, पट्टीच्या भोकात नेमके बसणारे. साडूंनी पहाटेपासून बसून प्रत्येकासाठी चिठ्ठी लिहिली होती: केळी कुठली, गूळ कुठला, दूध नाही, तूप नाही, मध नाही, आणि खाली सही. मुलगी आली, चिठ्ठी वाचून खुदकन हसली. "पप्पा, मफिनवर सही?" असं म्हणून तिनं ताटलीतला एक उचलला. दोन वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्यात तिचा फोन वाजला, म्हणून मफिन हातात धरून ती गॅलरीत बोलत उभी राहिली.

स्वयंपाकघरात ताई कौतुकानं मला म्हणाल्या, "आज कसे सुटले बघा! हे चिठ्ठ्या लिहीत बसलेले, म्हणून भांड्याला मीच तुपाचा हात फिरवला."

साडू ओट्याशी उभे होते. ते गर्रकन वळले. "अहो, भांड्याला लावलंय, आत कुठं घातलंय?" ताई म्हणाल्या आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. आपल्याकडे भांड्याला लावलेलं तूप कुणी तुपात धरतच नाही. चाळीस वर्षांचा हात, तो डब्याकडे आपोआप जातो.

मी भित्रा माणूस. मी हळूच म्हणालो, "साडूभाऊ, राहू द्या ना. तिला काय कळणार आहे? आता सांगितलंत तर तिला वाटेल, पुन्हा तेच केलंत."

सडका घड बघावा तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते गॅलरीत गेले. पोरीच्या हातातला मफिन काढून घेतला. "खाऊ नको," ते म्हणाले, "भांड्याला तूप लागलंय."

तिचा चेहरा बघता बघता बंद झाला. मी दाराशी उभा होतो आणि मला पळून जावंसं वाटत होतं. ताई बोलायला पुढे झाल्या, पण साडूंनी हातानंच थांबवलं. "सही माझी हे. भांडं मी तपासलं नाय, चूक माझी." मग हातातल्या मफिनकडे बघत म्हणाले, "आज मुद्दाम नाय केलं, माय. आखाजीला मुद्दाम केलं व्हतं. ते लय चुकलं माझं." आमच्या साडूंनी आयुष्यात हजारो घडांच्या चुका काढल्या असतील, स्वतःची मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली, आणि मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की मी चष्मा पुसायला लागलो.

मुलीनं हातातला फोन बंद करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "केळी आहेत का अजून?"

भांडं तिनंच गरम पाण्यानं दोनदा घासलं. चार केळी उरली होती, तीही अर्धकच्ची. साडूंनी सवयीनं नळी हातात घेतली, तिनं ती काढून बाजूला ठेवली. "चालेल, पप्पा." दोघं टोप्या घालून ओट्याशी उभे राहिले. ते केळी कुस्करतायत, ती गूळ मोजतेय, मधूनच कुणाचा तरी कोपर कुणाला तरी लागतोय. ताई बाहेर बसून उगाचच मेथी निवडत होत्या, जुडी केव्हाच संपली होती. ओव्हनमधून जे निघालं ते बुटकं, एका अंगाला खचलेलं, माथ्यावर तडकलेलं होतं. एरवी तो माल थेट माझ्या घरी आला असता. तिनं एक उचलला, फुंकर मारली आणि उभ्या उभ्या खाल्ला. मग दुसरा घेतला.

"मीठ जास्त झालंय ना गं?" साडूंनी ओव्हनकडे बघत विचारलं.

"हो. पुढच्या वेळी कमी घाला."

मी निघालो तेव्हा ते मला सोडायला खाली आले, डोक्यावर टोपी तशीच. मी स्कूटर चालू केली. "पाव्हणं," ते म्हणाले, "पुढच्या वेळी म्हनली ना ती?"

"म्हणाली."

"तुम्ही पण ऐकलं ना? तुमच्यासमोरच म्हनली ना?"

"ऐकलं, साडूभाऊ."

त्यांनी मान हलवली, दोन पावलं जिन्याकडे गेले आणि परत आले. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी स्कूटर बंद केली, खाली उतरलो आणि पुन्हा एकदा सांगितलं.