पूजेच्या फोटोतला पासवर्ड

नळाला पाणी आलं की मेघाच्या घरात कुणी कुणाशी सरळ बोलत नाही. शहराच्या गारखेडा भागातल्या त्या गल्लीत पाण्याच्या दिवशी आधी पाणी, मग चहा, मग बाकीचं जग. मोटार घुंघुं करत होती. मेघा पदर खोचून टाकीवर लक्ष ठेवून होती आणि तिची भाची संस्कृती नळी या पिंपातून त्या पिंपात टाकत होती. तेवढ्यात दार वाजलं.

"पाण्याच्या टायमाला कोण कडमडलं आता?" म्हणत मेघानं दार उघडलं, तर मुकुंद सर. संस्कृतीच्या शाळेतले कॉम्प्युटरचे सर, पलीकडच्याच गल्लीत राहणारे. हातात हेल्मेट, चेहरा उतरलेला.

"ताई, शाळेत बोलण्याआधी घरी बोलावं म्हटलं."

मागं पिंपात पडणाऱ्या पाण्याचा आवाज बदलला. पोरीनं नळी हातात धरून ठेवली होती, कान इकडं. मेघानं न वळताच ओळखलं.

संस्कृती मेघाच्या थोरल्या बहिणीची लेक. गाव फुलंब्रीजवळचं. तिथली शाळा सातवीला संपली तेव्हा तिचे वडील, सांडू दाजी, म्हणाले होते, पुढं कशाला. पोरगी भांडली नाही की रडली नाही. रोज सकाळी दप्तर पाठीला लावून फाट्यावर जाऊन उभी राहायची. येणारे-जाणारे विचारायला लागले, "सांडूभाऊ, पोरगी कुठं चालली?" शेवटी दाजींनीच तिला मेघाकडं आणून सोडलं. जाताना एवढंच म्हणाले, "एक तक्रार आली, की गाडीत बसवून परत." आता ती नववीत होती आणि अजून तक्रार आलेली नव्हती.

सरांनी सांगितलं ते असं. शाळेत नेट दोन. मुलांच्या नेटवर गेम, व्हिडिओ, अर्धं जग बंद. शिक्षकांच्या नेटवर सगळं उघडं. दिवाळीच्या सुट्टीनंतर लॅबमधल्या खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवरून कुणीतरी शिक्षकांच्या नेटवर शिरत होतं. तिथं संस्कृती बसते.

"आज मुख्याध्यापक मॅडमना सांगावं लागेल. हिची लॅब बंद होईल. वडिलांनाही बोलावतील."

मेघा मागं वळली. "संस्कृते, इकडं ये. तू केलंस?"

"व्हय."

अगं बाई, जरा थांबून तरी म्हण, मेघाला वाटलं.

"पासवर्ड कुणी दिला तुला?" सरांनी विचारलं.

"तुम्हीच दिला, सर. खंडेनवमीला."

खंडेनवमीला शाळेत कॉम्प्युटरची पूजा होते. यंदा सरांनी हौसेनं कपाटातली नेटची पेटीसुद्धा बाहेर काढून टेबलावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. मेघानं फोनवर तो शोधला, बोटांनी मोठा केला. माळेखाली पांढरी पट्टी, तिच्यावर सरांच्या सुबक अक्षरात पासवर्ड. फोटोखाली पालकांचे हात जोडलेले नमस्कार. पहिला मेघाचाच.

सर मटकन खुर्चीत बसले.

"एवढे पालक, पण कुणाला दिसलं नाय," संस्कृती म्हणाली. "सगळे पेढे कुठंयत विचारत होते."

मेघानं हसू पदराआड दाबलं. सर मात्र हसले नाहीत. "दिसलं म्हणून वापरायचं? कुणाचं दार उघडं दिसलं तर आत शिरतेस का तू?"

संस्कृतीची मान खाली गेली. "नाय. ते चुकलंच." मग मान वर आली. "पण मी आधी दार वाजवलं होतं, सर. ती साइट उघडा म्हणून किती बार मागं लागले तुमच्या. तुम्ही म्हणाले, गेम बंद म्हणजे बंद."

"गेमचीच साइट आहे ती!"

"तिथं गेम बनवायला शिकवतात. मी खेळत नाय, बनवते. मावशीच्या मोबाईलवर ते जमत नाय, कॉम्प्युटरच लागतो."

"काय बनवतेस?"

"एक बाई हाय. नळाला पाणी येतं अन् ती हंडे धरत पळती. हंडा सांडला की शेजारीण ओरडती."

"त्या बाईनं पदर खोचलाय का?" मेघानं विचारलं.

"...व्हय."

"बरं. नंतर बघते तुझ्याकडं."

सरांनी हेल्मेट खाली ठेवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, असं करू. मी आज पासवर्ड बदलतो, फोटो काढून टाकतो. आपल्यातच राहू द्या. हिचंही निभेल, माझंही."

मेघाचा जीव भांड्यात पडला. ती हो म्हणणार, तोच संस्कृती म्हणाली, "नको."

"अगं येडे! दाजींना कळलं तर उद्याच्या गाडीनं घरी जाशील!"

"जाईन. पण गुपचूप मिटवलं तर साइट बंदच राहणार ना, मावशी? मग मी पुन्हा कुठून तरी शिरंन. माझं मला माहितीय." ती सरांकडं वळली. "माझं मी मॅडमना सांगते. फोटोचं तुम्ही सांगा. अन् आबांना आत्ताच फोन करते. दुसऱ्याकडून कळायला नको."

मेघानं फोन दिला. द्यायला नको वाटत होतं, तरी दिला. पोरीनं बापाला सगळं सांगितलं, स्वतःची बाजू न घेता. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणे, सरांना दे.

सर फोन घ्यायला उठून उभे राहिले. "हो, चुकलीच... नाही, बिघडवलं काही नाही... माझंही चुकलंय त्यात." फोन ठेवून म्हणाले, "दुपारी शाळेत येतायत. परत न्यायचं की ठेवायचं, ते मॅडमचं ऐकून ठरवतो म्हणाले."

मेघानं मोटार बंद केली. घर एकदम शांत झालं.

"मॅडमसमोर काय बोलणार आहेस?" सरांनी विचारलं. "माफी मागशील ना?"

"मागंन. न विचारता शिरले, त्याची." संस्कृतीनं ओले हात ओढणीला पुसले. "अन् एक मागायचंय. शिक्षकांचं नेट मला नको, सर. पोरांच्या नेटवर ती एक साइट उघडा."